तुमचे 'व्हेरी' आम्ही का खोडतो?

इंग्रजी पत्र किंवा अर्ज तपासून परत पाठवला की एक तक्रार हमखास येते : "एवढे 'व्हेरी' का काढलेत? पत्र कोरडं वाटतंय." तक्रार रास्त आहे. दर वेळी फोनवर समजावण्यापेक्षा एकदा लिहूनच देतो.

'व्हेरी', 'सो', 'रिअली', 'ॲब्सोल्यूटली' हे जोर देणारे शब्द. पुढच्या शब्दाचा अर्थ चढवायचा, एवढंच त्यांचं काम. पण सतत वापरले की ते बोथट होतात. 'व्हेरी' जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ 'खरा' असा होता. त्याचं मूळ लॅटिन 'वेरुस'. 'द व्हेरी मॅन', म्हणजे 'नेमका तोच माणूस', यात तो जुना अर्थ अजून डोकावतो. एरवी नुसतं 'खूप' उरलंय. 'टेरिब्ली' आणि 'ऑफुली' यांत तर एके काळी भीती होती. आज 'ऑफुली काइंड' ऐकून कोणी दचकत नाही. आपणही 'भयंकर आवडलं' म्हणतोच की!

सगळ्यात जास्त लाल शाई खर्च होते ती 'टू'वर (too). 'टू' म्हणजे 'खूप' नव्हे, 'नको इतकं'. एका मसुद्यात 'युवर रिप्लाय वॉज टू क्विक' असं वाक्य होतं. लिहिणाऱ्याला आभार मानायचे होते. वाचणाऱ्याला मात्र वाटलं असतं, की उत्तर घाईघाईत उरकलं म्हणून टोमणा मारलाय. तिथे 'व्हेरी क्विक' हवं, आणि तो 'व्हेरी' आम्हीच घातला. (गप्पांमध्ये 'टू गुड' चालतं. कामाच्या पत्रात नको.)

दुसरी अडचण मोजमापाची. 'टायर्ड' कमीजास्त असू शकतं, म्हणून 'व्हेरी टायर्ड' बरोबर. 'एक्झॉस्टेड' म्हणजे आधीच गळून गेलेला. त्याला 'व्हेरी' लावणं म्हणजे 'खूप गच्च भरलेलं' म्हणण्यासारखं. अशा टोकाच्या शब्दांना 'ॲब्सोल्यूटली' किंवा 'कम्प्लीटली' शोभतं. म्हणून 'व्हेरी एक्सलंट' आम्ही ठेवत नाही. नुसतं 'एक्सलंट' पुरेसं वजनदार आहे. तुलना असेल तर 'व्हेरी बेटर' चुकीचं, 'मच बेटर' किंवा 'फार बेटर' बरोबर. (हा इंग्रजी 'फार' म्हणजे 'दूर', आपल्या 'फार'शी त्याचं नातं नाही, पण लक्षात ठेवायला सोयीचं.) क्रियापदाआधीही 'व्हेरी' एकटा येत नाही : 'आय व्हेरी लाइक इट' नाही, 'आय लाइक इट व्हेरी मच'.

'क्वाइट' हा मात्र दुतोंडी शब्द. 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे साफ अशक्य. पण 'क्वाइट गुड' म्हटलं की ब्रिटिश वाचकाला बहुधा 'ठीक आहे, बरं आहे' असं ऐकू येतं, तर अमेरिकन वाचकाला 'चांगलंच'. शिफारसपत्रात एवढा फरक महागात पडतो. त्यामुळे पत्र कुठे जाणार हे कळेपर्यंत आम्ही तो शब्द तसाच ठेवत नाही.

मग जोर द्यायचा कसा? आपण काळ्याला 'कुट्ट' जोडतो, पांढऱ्याला 'शुभ्र', हिरव्याला 'गार'. 'हिरवाकुट्ट' कोणी म्हणत नाही, आणि का म्हणत नाही हेही सांगता येत नाही. इंग्रजीतही अशा जोड्या ठरून गेल्या आहेत : गाढ झोपेला 'फास्ट असलीप', टक्क जागं असण्याला 'वाइड अवेक', कडाक्याच्या थंडीला 'बिटरली कोल्ड', कोऱ्या करकरीत वस्तूला 'ब्रँड न्यू'. आभारांना 'डीपली ग्रेटफुल', शिफारशीला 'हायली रेकमेंडेड'. 'अटरली' बहुधा वाईटाच्याच सोबतीला दिसतो : 'अटरली रिडिक्युलस', 'अटरली युसलेस'. यांना नियम नाही. वाचत राहायचं आणि कानाला सवय लावायची.

खोडलेल्या 'व्हेरी'च्या जागी आम्ही शक्यतो नेमका शब्द देतो : 'व्हेरी बिग' ऐवजी 'ह्यूज', 'व्हेरी इम्पॉर्टंट' ऐवजी जमल्यास 'क्रूशिअल'. पण शोकसंदेशातला 'आय ॲम व्हेरी सॉरी' आम्ही कधीच खोडत नाही. तिथे भारी शब्द आणला की तो शोभेचा वाटतो.

तुमचा एखादा 'व्हेरी' राहायलाच हवा असेल, तर मसुदा पाठवताना त्याच्याखाली रेघ मारा. आम्ही त्याला हात लावणार नाही. 'टू' असेल तर मात्र एकदा विचारू.