हमाली (ग्रामीण विदर्भातील)

मालाची चढ-उतार करणे, तो वाहून नेणे आणि थप्पी लावणे हे अंगमेहनतीचे काम. विदर्भाला समुद्र नाही. तथापि निर्यातीच्या कापसाच्या गासड्या बंदरातील जहाजावर चढण्यापूर्वी त्यांची पहिली चढ-उतार येथील जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात) आणि रेल्वेच्या मालधक्क्यावर झालेली असते. जलंब ते खामगाव हा १८७० मध्ये सुरू झालेला लोहमार्ग मुख्यतः मुंबईकडे कापूस नेण्यासाठीच होता.

हे काम पिकाच्या मागे चालते. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन, पुढे कापूस, मग तूर आणि हरभरा, अशी आवक असेपर्यंत हमालांच्या टोळ्यांना उसंत नसते. उन्हाळ्यात काम आटते आणि पेरणीच्या तोंडावर खतांचे रेक (मालगाड्या) लागले की मालधक्क्यावर पुन्हा गर्दी होते. सुमारे ४२ वाघिणींचा (मालडब्यांचा) रेक ठरावीक तासांत रिकामा झाला नाही, तर रेल्वे विलंबशुल्क लावते. त्यामुळे रात्रीचीही हाक येते. मजुरी पोत्यावर किंवा क्विंटलवर ठरते व टोळीत वाटली जाते. खताचे पोते ५० किलोचे, तर युरियाचे २०१८ पासून ४५ किलोचे असते. सुमारे १७० किलोची गासडी मात्र एकट्याने उचलायची वस्तू नव्हे. ती लोखंडी आकडे लावून अनेकांनी ओढायची असते. सांडलेले धान्य गोळा करणे आणि चाळणे ही कामे बहुधा स्त्रिया करतात, परंतु हमाल म्हणून त्यांची गणना सहसा होत नाही.

बाजार समितीच्या आवारात हमाल व मापारी (माल तोलणारे) यांना समितीचा परवाना लागतो आणि संचालक मंडळावर त्यांचा एक प्रतिनिधी निवडून येतो. अठरा संचालकांत एक, हे प्रमाण बोलके आहे. १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियमाने मालक व कामगार या दोघांची नोंदणी, माथाडी मंडळामार्फत मजुरी आणि मजुरीवरील लेव्हीतून (मालकाने मजुरीशिवाय भरायच्या रकमेतून) भविष्यनिर्वाह निधीसारखे लाभ, अशी व्यवस्था आणली. तिचा खरा आधार नोंदणी हा आहे. गावाकडच्या जिनिंगवर हंगामापुरता येणारा भूमिहीन शेतमजूर त्या नोंदणीबाहेर राहिला, की दुखापतीचा खर्च बहुतेक वेळा त्याच्या घरावरच पडतो.

कापूस आता पुष्कळदा गाडीसह वजनकाट्यावर तोलला जाऊन जिनिंगमध्ये मोकळाच ओतला जातो, त्यामुळे त्यातली पोत्यांची हमाली घटली आहे. सोयाबीन, तूर व हरभरा अजूनही बहुतांशी पोत्यांतूनच हलतात आणि आवारातील टोळ्यांची कमाई मुख्यत्वे त्यांवर चालते.