ठशावर ठसा: जोगळटेंभीची चांदीची नाणी

एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, साल १८१८, आणि म्हणे हे नाणं तांदूळ ओढून घेतं! अशा नाण्यापायी माणसं आजही लाखो रुपये घालवतात. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. आणि तांदळाला लोखंडाचा कीस चिकटवला, तर साधं चुंबकही ते दाणे ओढतं. ही उघड फसवणूक आहे. नाण्यांमधलं खरं नवल वेगळंच आहे.

जुन्या नाण्यावर साल असणारच, हा दुसरा गैरसमज. सातवाहनांच्या नाण्यांवर ते नसतं, त्यांचा शत्रू असलेल्या नहपान या शक राजाच्याही नसतं. मग कोण आधी आणि कोण नंतर, हे ठरवायचं कसं? १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला होता.

हे घडतं कसं ते पाहण्यासारखं आहे. उलटं चित्र कोरलेला खालचा ठसा पक्का बसवलेला, वर चांदीची चकती, तिच्यावर दुसरा ठसा आणि मग हातोड्याचा घाव. चांदी वितळत नाही, पण दाबाखाली तिच्या स्फटिकांतले अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात आणि धातू ठशाच्या खोलगट रेषांमध्ये शिरतो. थर सरकताना स्फटिकांत असंख्य दोष तयार होतात, ते एकमेकांत अडकतात आणि चांदी कडक होते. म्हणून एकदा ठोकलेलं नाणं दुसऱ्या घावाला सहज दाद देत नाही. ते तापवलं तर नवे, दोष कमी असलेले स्फटिक तयार होतात आणि धातू पुन्हा मऊ पडतो. तापवणं अपुरं झालं किंवा घाव तिरका बसला, तर कडेला आणि जिथे दाब कमी पडला तिथे जुनं चित्र शाबूत राहतं.

जोगळटेंभीच्या नाण्यांवर नेमकं हेच दिसतं. गौतमीपुत्राच्या कमानींच्या टेकडीच्या चिन्हाखालून नहपानाच्या चेहऱ्याचा भाग डोकावतो, कडेला त्याच्या नाण्यावरच्या ग्रीक अक्षरांचे तुकडे उरतात. मागच्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकच्या (+) खुणेच्या टोकांना चार वर्तुळं, आणि त्याखाली नहपानाच्या बाण-वज्राच्या खुणा. तळचा ठसा आधीचा, वरचा नंतरचा; इथे वादाला जागाच नाही. नाशिकच्या लेण्यातल्या गौतमी बलश्रीच्या शिलालेखात तिच्या मुलाने, म्हणजे गौतमीपुत्राने, क्षहरात वंश निर्मूळ केल्याचं म्हटलं आहे, आणि नहपान क्षहरातच होता. दगडावरची प्रशस्ती अतिशयोक्तीची असू शकते. पण शत्रूच्या हजारो नाण्यांवर आपली मुद्रा ठोकायची, तर तो पैसा आधी हातात यावा लागतो.

संग्राहकालाही हे ज्ञान उपयोगी पडतं. ठोकून पाडलेल्या नाण्याची नक्कल साच्यात ओतून केली, तर बुडबुड्यांची बारीक छिद्रं, कडेने साच्याची शिवण आणि बोथट अक्षरं भिंगाखाली दिसतात. मात्र ओतीव म्हणजे बनावट, असा सरसकट निकाल देऊ नये. प्राचीन उत्तर भारतात तांब्याची नाणी खरोखरच ओतून केली जात.

नाणं चिंच किंवा लिंबू लावून चकाकवू मात्र नका. घासण्याने झिजून जातात त्या वरच्या ठशाखालच्या पुसट रेषा, आणि दोन राजांचा क्रम तर त्यांच्यावरूनच लागतो.