बिग स्प्रिंग रन: गाळाखाली दबलेल्या ओढ्याची कुळकथा

अमेरिकेत पेन्सिल्वेनियाच्या लँकेस्टर काउंटीत बिग स्प्रिंग रन नावाचा एक चिमुकला ओढा आहे, नकाशावर शोधायला गेलात तर झूम करून करून दमाल. चुनखडीच्या भागातल्या झऱ्यांतून निघतो, शेताशेतांतून वाहत मिल क्रीकला मिळतो, तिथून पाणी कोनेस्टोगा, मग सस्क्वेहाना आणि शेवटी चेसापीकच्या उपसागरात. बघायला काही खास नाही, पण मूळचा ओढा कसा दिसतो याबद्दल तज्ज्ञांची जी पक्की समजूत होती ती हलवण्यात याचा मोठा हात आहे.

समजूत काय होती? तर नागमोडी वळणं घेणारं एकच पात्र, दोन्ही बाजूंना उभे मातीचे काठ आणि काठावर सपाट पूरमैदान. 1950 च्या दशकात लुना लिओपोल्ड आणि वोल्मन या शास्त्रज्ञांनी याच पूर्व भागातल्या ओढ्यांवर, म्हणजे ब्रँडीवाइन क्रीक वगैरेंवर काम केलं आणि ते पुढे पाठ्यपुस्तकांत गेलं. नंतर बिघडलेले ओढे दुरुस्त करताना लोक हीच वळणं मशीन लावून पुन्हा काढून द्यायचे.

लँकेस्टरमधल्याच फ्रँकलिन अँड मार्शल कॉलेजच्या रॉबर्ट वॉल्टर आणि डोरोथी मेरिट्स या भूशास्त्रज्ञांना हे काठच खटकले. काठाचा छेद नीट बघितला की खाली खडक, त्यावर धारदार गारगोट्यांचा पातळ थर, त्यावर काळीकुट्ट चिखलमाती आणि मग एकदम वरपर्यंत बारीक तपकिरी गाळ. त्या काळ्या मातीत निघालं पाणथळीत वाढणाऱ्या लव्हाळ्यासारख्या गवतांचं बी! म्हणजे हजारो वर्षं इथे असा खोल ओढा नव्हताच, अख्ख्या दरीभर पसरलेली दलदल होती आणि तिच्यातून बारीक बारीक धारा झिरपत होत्या. काटक्यांचे बांध घालून पाणी अडवणारे बीव्हर नावाचे प्राणीही तेव्हा या खंडात चिक्कार होते, नंतर कातड्याच्या व्यापारापायी त्यांचा फडशा पडला.

मग एवढा गाळ आला कुठून? इथे इतिहास सुरू होतो. 1710 च्या सुमारास मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे शेतकरी या भागात आले, त्यांच्यापैकी एका कुटुंबाचं 1719 सालचं दगडी घर त्या भागात अजून उभं आहे. जंगल तोडलं, टेकड्या नांगरल्या, माती सुटली. नुसतं एवढंच असतं तर बरीचशी माती पुरात पुढे वाहून गेली असती, पण धान्य दळायला, लाकूड कापायला पाणचक्क्या हव्यात आणि चक्कीला हवा बंधारा, त्यामुळे दर थोड्या अंतरावर अडीच-तीन मीटर उंच बंधारे उभे राहिले आणि प्रत्येकामागच्या तळ्यात माती बसत गेली. 1840 च्या जनगणनेत पूर्व अमेरिकेत 65 हजारांहून जास्त पाणचक्क्या नोंदल्या आहेत, नुसत्या लँकेस्टर, यॉर्क आणि चेस्टर या तीन काउंट्यांत वॉल्टर आणि मेरिट्स यांनी हजाराच्या वर बंधारे नकाशावर मांडले. मला तर वाटतं ही गणतीच सगळं सांगून जाते, बाकी वादावादी नंतरची.

पुढे वाफेचं इंजिन आलं, चक्क्या ओस पडल्या, बंधारे फुटले किंवा काढले गेले. तळं रिकामं झालं आणि पाण्याने त्या गाळातच खोल चर पाडला. तेच ते उभे काठ आणि तेच ते "पूरमैदान"! सगळा मामला जेमतेम 300 वर्षांचा. हे संशोधन जानेवारी 2008 मध्ये सायन्स या नियतकालिकात छापून आलं आणि बरीच खळबळ उडाली.

याचा त्रास आजही आहे. मोठ्या पावसात, थंडीत गोठून-वितळून हे काठ ढासळतात आणि मातीबरोबर तिला चिकटलेला फॉस्फरस थेट चेसापीकपर्यंत जातो. तिथल्या प्रदूषणासाठी लोक बरीच वर्षं फक्त आजच्या शेतकऱ्याला धरत होते, पण या मातीतली कितीतरी माती त्याच्या खापरपणजोबांच्या काळात शेतातून सुटलेली, हे ऐकून त्याला जरा बरं वाटलं असेल.

2011 मध्ये बिग स्प्रिंग रनवर वेगळाच प्रयोग झाला. वळणं काढत बसण्याऐवजी सुमारे 20 हजार टन गाळ खरवडून उचलला आणि जुनी काळी माती उघडी केली. पाणी आता उथळ पसरतं, पाणथळ गवत दाटून आलंय आणि खाली जाणारा गाळ बराच कमी झाला असं मोजमापात दिसलं.

तरी वाद मिटलेला नाही. काही तज्ज्ञ म्हणतात की हा निष्कर्ष सगळीकडे लावू नका, बंधारे नसलेल्या ठिकाणीही गाळ साचलाय. दुसरा वाद झाडांचा. ओढ्याकाठी झाडं लावा हा तिथला जुना सरकारी उपाय, पण काठच दीड-दोन मीटर उंच गाळाचा असेल तर मुळं पाण्याच्या पातळीपर्यंत पोचत नाहीत आणि खालून काठ पोखरला की झाड मातीसकट ओढ्यात येतं. आणि गाळ काढायचा तर काठावरची वाढलेली झाडं आधी तोडावी लागतात, ते बऱ्याच निसर्गप्रेमींना अजूनही पटत नाही.