लहान गावाचा कल आणि मताची गुप्तता : पार्श्वभूमी

निकाल लागला, बूथवार आकडे हाती आले की दुसऱ्याच दिवशी ऐकू येतं, "अमुक गाव यंदा फिरलं." मोठ्या शहराबद्दल असं कोणी बोलत नाही. हजार-बाराशे मतदारांच्या गावाबद्दल मात्र सहज बोललं जातं, जणू सगळं गाव मिळून एकच मतदार. गावाचा कल असतो हे खरंच. जमीन, पाणी, भावकी, कर्ज, जुनं वैर अशी त्याची कारणंही असतात. पण या कलाचा इतिहास मागे मागे शोधत गेलं की एक प्रश्न सतत आडवा येतो : आपलं मत कोणाकोणाला कळणार आहे, हे ठाऊक असताना माणूस मत कोणाला देतो?

इंग्लंडमध्ये 1872 पर्यंत याचं उत्तर उघड्यावर मिळत होतं. मतदार अधिकाऱ्यापुढे उभा राहायचा आणि उमेदवाराचं नाव मोठ्याने सांगायचा. कोणी कोणाला मत दिलं याच्या याद्या छापून विकल्याही जात. ग्रामीण भागात जमीनदाराचा माणूस शेजारीच उभा असे. अशा ठिकाणची कुळं पिढ्यानपिढ्या मालकाच्या पक्षाला मत देत आली, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो त्या भागाचा 'स्वभाव' वाटला. 1868 च्या निवडणुकीत वेल्समधल्या काही कुळांनी मालकाच्या मर्जीविरुद्ध मत दिलं. कार्डिगनशायर आणि कार्मार्थनशायरमध्ये त्यापायी काहींना कसत असलेली जमीन सोडावी लागली. गुप्त मतदानाच्या मागणीला त्यामुळे धार आली. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी 1856 मध्येच छापील मतपत्रिकेवर गुप्त मतदान सुरू केलं होतं. ब्रिटनमध्ये कायदा 1872 च्या जुलैत झाला आणि ऑगस्टमध्ये पाँटिफ्रॅक्टच्या पोटनिवडणुकीत तो पहिल्यांदा वापरला गेला. तिथल्या मतपेटीवरची लाखेची मोहोर ज्येष्ठमधाच्या वड्या बनवणाऱ्या कारखान्याच्या शिक्क्याने उठवली होती.

फ्रान्समध्ये मतपत्रिका पाकिटात घालून पडद्याआड मत देण्याची सोय 1913 मध्ये आली. त्याच वर्षी आंद्रे सिगफ्रीड या अभ्यासकाने पश्चिम फ्रान्सच्या मतदानाचा नकाशा मांडला. ग्रॅनाइटच्या कातळाचा भाग उजवीकडे मत देतो आणि चुनखडीचा डावीकडे, हे त्याचं निरीक्षण पुढे फार गाजलं, आणि दगडच मत देतो असा त्याचा विपर्यासही झाला. त्याचं म्हणणं त्याहून बारीक होतं. कातळाच्या मुलखात पाणी जागोजागी, म्हणून घरं विखुरलेली. तिथे मोठा जमीनदार आणि चर्च यांची पकड पक्की. चुनखडीत पाणी मोजक्याच ठिकाणी, म्हणून वस्ती दाट आणि एकमेकांचा आधार जवळ. एकटं घर दबावाला लवकर वाकतं. दाट वस्तीत शेजाऱ्याचा डोळा असतो, पण मालकाविरुद्ध बोलायला सोबतही असते. माझ्या मते गावाच्या कलाबद्दल यापेक्षा उपयोगी सूत्र फार थोडी आहेत.

भारतात 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी होती आणि तिच्यावर त्याचं चिन्ह. अक्षरओळख नसलेल्या कोट्यवधी मतदारांना ही रीत सोपी पडली. मात्र कागदावर खूण करायची नसल्याने मतपत्रिका पेटीत न टाकता तशीच कोरी बाहेर आणून दुसऱ्याच्या हाती देता येई. 1962 पासून देशभर एकच मतपत्रिका आणि तिच्यावर शिक्का ही पद्धत आली. एकेका माणसाचं मत आता बऱ्यापैकी झाकलं गेलं.

गावाचं मत मात्र झाकलं गेलं नाही. मतमोजणी केंद्रवार झाली की अमुक वस्तीने किती 'लीड' दिलं हे लगेच कळतं. हे ओळखूनच, मतदारांवर दबाव किंवा सूड येण्याची भीती असेल तिथे सगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजण्याची तरतूद निवडणूक नियमांत झाली. पण कागद मिसळता येतो, यंत्र मिसळता येत नाही. 2004 च्या लोकसभेला देशभर मतदानयंत्रं आली आणि प्रत्येक केंद्राचा आकडा पुन्हा उघडा पडला. त्यावर निवडणूक आयोगाने 2008 मध्ये 'टोटलायझर' सुचवला. चौदा यंत्रांपर्यंतची बेरीज एकदम दाखवणारं हे उपकरण. विधी आयोगानेही 2015 च्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने ती स्वीकारली नाही.

काम कुठे कमी पडलं हे पक्षांना कळायला हवं, म्हणून बूथवार आकडे हवेत, असं सांगितलं जातं. मला हे पटत नाही. ज्या आकड्यावरून काम कळतं, त्याच आकड्यावरून कोणत्या वाडीचा रस्ता अडवायचा हेही ठरवता येतं. आठ-दहा हजार लोकवस्तीच्या गावात निदान चार-सहा केंद्रं असतात, तिथे थोडा आडोसा मिळतो. एका पाड्यासाठी एकच केंद्र असलं की तोही उरत नाही. तिथे एखाद्या उमेदवाराला चारच मतं पडली, तर ती चार कोणाची याचा शोध त्याच संध्याकाळी सुरू होतो.