‘क्रेडिट कार्डचा मिनिमम ड्यू (बिलावरची किमान भरायची रक्कम) भरला की व्याज लागत नाही’ म्हणे!

हे कित्येक वर्षं ऐकतोय, आणि साफ चुकीचं आहे. मिनिमम भरल्याने फक्त लेट फी वाचते आणि सिबिलला (कर्जफेडीच्या नोंदीत) डिफॉल्ट, म्हणजे हप्ता चुकल्याचा शेरा, लागत नाही, बास. व्याजाचं मीटर चालूच.

समजा कार्डवर ४०,००० थकलेत, व्याज महिन्याला ३.५% म्हणजे १,४००, त्यावर १८% जीएसटी २५२. मिनिमम ५% धरला तर तुम्ही भरले २,०००, त्यातून मुद्दल फिटलं किती तर ३४८ रुपये! आणि खरी मेख पुढेच आहे, मागची बाकी असेल तर नवीन खरेदीला ते ४५-५० दिवस बिनव्याजी वगैरे काही मिळत नाही, किराणा स्वाइप केला की त्याच दिवसापासून व्याज सुरू (हे बँकेचा माणूस कार्ड गळ्यात मारताना कशाला सांगेल).

मग घरखर्चाची ओढाताण असताना करायचं काय? आधी कार्ड वापरणं बंद, किराणा यूपीआयने किंवा रोखीने. मिनिममच्या वर ५०० जमले तरी भरा, ते बहुतेक मुद्दलातच जातात. बाकी मोठी असेल तर बँकेला ईएमआय करून मागा, नाहीतर पतपेढीचं किंवा सोनेतारण कर्ज काढून कार्ड एकदाचं मिटवा, त्याचं व्याज साधारण निम्म्याच्या आत बसतं. एका कार्डवरून कॅश काढून दुसरं भरू नका मात्र, कॅशला पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर फी वेगळी.