लीनता (ख्रिस्ती धर्म)

लीनता : आपण देवाने घडवलेले आहोत, स्वयंभू नाही, ही जाणीव आणि त्या जाणिवेतून येणारे वागणे. ख्रिस्ती धर्मशास्त्रात हा सद्‌गुण एकटा येत नाही. माणूस मातीचा आहे (उत्पत्ती २:७) आणि तोच देवाच्या प्रतिरूपाचा आहे (उत्पत्ती १:२७), ही दोन विधाने बायबलच्या पहिल्या दोन अध्यायांत शेजारी शेजारी आहेत. पहिल्यातून लीनता निघते, दुसऱ्यातून मानवी प्रतिष्ठा. एकीचा विचार दुसरीला वगळून केला की आत्मतुच्छता तरी उरते नाही तर अहंकार, असे बहुतेक भाष्यकार मानतात.

संज्ञा : ‘माणूस’ या अर्थाचा हिब्रू ‘आदाम’ आणि ‘माती’ या अर्थाचा ‘अदामा’ यांवर उत्पत्तीच्या कथेत उघड श्लेष आहे. लॅटिन ‘हुमिलितास’ हा शब्दही ‘हुमुस’ म्हणजे जमीन यावरूनच आला. ग्रीकमध्ये गोष्ट वेगळी आहे. अभिजात ग्रीकमध्ये ‘तापेइनोस’ हा बहुधा हिणवण्याचा शब्द होता. हलका, गुलामी वृत्तीचा असा त्याचा अर्थ. त्याला मान मिळाला तो हिब्रू शास्त्राचे ग्रीक भाषांतर आणि नंतर नवा करार यांमुळे. लूक १:४८ मध्ये देवाने आपल्या दासीच्या ‘तापेइनोसिस’कडे पाहिले, असे येशूची आई मरिया म्हणते. हा तिचा सद्‌गुण की तिची हलाखीची स्थिती, हा वाद जुना आहे. वल्गेट या लॅटिन बायबलमध्ये ‘हुमिलितास’ असल्याने मध्ययुगात सद्‌गुणाचा अर्थ रूढ झाला. प्रॉटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२१ मधील आपल्या भाष्यात तो नाकारला : जी आपल्या नम्रतेची वाखाणणी करते ती नम्र कसली, असा त्याचा रोख. मराठीतील प्रचलित प्रॉटेस्टंट भाषांतरात या ठिकाणी ‘दैन्यावस्था’ हा शब्द आहे, म्हणजे कौल स्थितीच्या बाजूने आहे, आणि तो योग्य वाटतो.

इतरत्र मात्र मराठी बायबलने ‘तापेइनोस’साठी ‘लीन’ हा शब्द पसंत केला. मत्तय ११:२९ मध्ये येशू स्वतःला मनाचा सौम्य व लीन म्हणवतो. फिलिप्पैकरांस पत्रातही (२:३) ‘लीनता’ हाच शब्द येतो. या निवडीची फारशी चर्चा झालेली दिसत नाही, पण ती व्हायला हवी. संस्कृत ‘ली’ धातूचा अर्थ चिकटणे, विरघळणे, लय पावणे. ब्रह्मलीन, पंचत्वात विलीन या प्रयोगांत तो अर्थ आजही जिवंत आहे. ख्रिस्ती शिकवणीत मात्र निर्माता आणि निर्मित यांच्यातली सीमा पुसली जात नाही. भक्त देवापुढे वाकतो. देवात विरघळत नाही. त्यामुळे मराठी कानाला ‘लीन’ जे सुचवतो त्यातला अर्धा भाग ख्रिस्ती वाचकाने बाजूला ठेवायचा असतो. ‘दीन’ हा शब्द घ्यावा तर त्याला गरिबी आणि लाचारीचा वास येतो. ‘नम्र’ शब्द शिष्टाचाराकडे झुकतो. तिन्हींत ‘लीन’च बरा, पण तो निर्दोष नाही.

धर्मशास्त्रीय परंपरा : सहाव्या शतकातील संन्यासी बेनेडिक्टच्या मठनियमांच्या सातव्या अध्यायात लीनतेच्या बारा पायऱ्या दिल्या आहेत. बाराव्या शतकात फ्रान्समधील क्लेर्व्हो मठाच्या बर्नार्डने त्यांवर भाष्य केले. तेराव्या शतकातील धर्मपंडित टॉमस अ‍ॅक्वायनसने लीनतेला संयमाच्या खात्यात बसवले आणि उदात्त मनाशी तिचे वैर नाही असे मांडले : देवाने दिलेल्या देणग्या ओळखून थोर कामाला हात घालणे आणि स्वतःच्या उणिवा ओळखणे ही एकाच माणसाची दोन कामे. फिलिप्पैकरांस पत्रातील (२:७) ‘स्वतःला रिक्त केले’ या वचनावर एकोणिसाव्या शतकात जर्मन धर्मपंडितांत मोठा वाद झाला; ख्रिस्ताने नेमके काय रिक्त केले, हा त्याचा विषय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (कॅथलिक बिशपांची जागतिक सभा) १९६५ मध्ये मानवी प्रतिष्ठेचा पाया देवाच्या प्रतिरूपावरच ठेवला.

कोकण किनाऱ्यावर : सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर कॅथलिक पंथ या किनाऱ्यावर स्थिरावला. वसई १५३४ च्या तहाने त्यांच्याकडे गेली, ती १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतली. या काळात माती आणि प्रतिरूप ही शिकवण मराठीत कशी सांगितली गेली, याचा सर्वांत भरीव पुरावा म्हणजे जेझुइट या कॅथलिक संघाचे इंग्रज फादर टॉमस स्टीफन्स (सुमारे १५४९–१६१९) यांचे ओवीबद्ध क्रिस्तपुराण. ते १६१६ मध्ये गोव्यात राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. आदामाची उत्पत्ती आणि पतन त्याच्या पहिल्या भागात येतात. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ योजायलाही स्टीफन्स कचरत नाहीत. पाठाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. लंडनच्या मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखित आहे. छापील पाठात जेथे पोर्तुगीज-लॅटिन संज्ञा आहेत तेथे त्यात अनेकदा संस्कृत प्रतिशब्द आढळतात. १९२० च्या दशकात अमेरिकन मिशनरी जस्टिन अ‍ॅबट यांनी हाच मूळ पाठ असल्याचे मांडले. इतरांना ते नंतरचे संस्करण वाटते. सतराव्या शतकातील श्रोत्यांनी प्रत्यक्ष कोणते शब्द ऐकले असावेत, हे ठरवताना छापील पाठावर विसंबणे अधिक सुरक्षित.

आचार : ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाची सुरुवात राखेच्या बुधवारी होते. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) आशीर्वादित केलेल्या झावळ्या घराघरांत क्रूसामागे किंवा तसबिरीमागे खोचून ठेवलेल्या असतात. वर्षभरात त्या पिवळ्या, मग तपकिरी होतात. त्याच गोळा करून जाळायच्या, राख चाळून घ्यायची आणि फादरांनी अंगठ्याने कपाळावर तिचा क्रूस ओढायचा. तू माती आहेस आणि मातीला मिळशील, या आशयाचे वचन (उत्पत्ती ३:१९) तेव्हा उच्चारले जाते. व्हॅटिकन परिषदेनंतरच्या मिस्सा (उपासना) ग्रंथात पश्चात्ताप करून शुभवर्तमानावर विश्वास ठेवण्याचे पर्यायी वचनही आहे. काही देशांत राख टाळूवर भुरभुरतात.

बाप्तिस्म्यात मात्र त्याच डोक्याला वेगळा मान असतो. तान्ह्या मुलाच्या डोक्याला सुगंधी पवित्र तेल लावून याजक, संदेष्टा व राजा असलेल्या ख्रिस्ताशी त्याचे नाते जोडले जाते. अंत्यविधीत शवपेटीला धूप दिला जातो. मातीत जायच्या देहाला हा मान मिळतो. कम्युनियनपूर्वी (ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी) सगळी मंडळी येशूला भेटलेल्या रोमन शताधिपतीचे उद्गार (मत्तय ८:८) म्हणतात, आपली योग्यता नाही अशी कबुली देतात आणि लगेच रांगेत उभी राहतात. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी फादर उपवस्त्र उतरवून, कमरेला पंचा गुंडाळून पाय धुतात. पुरुषांचेच पाय धुण्याची अट रोमने २०१६ मध्ये काढली.

आचाराशी न जुळणाऱ्या गोष्टीही नोंदवायला हव्यात. गोव्यातील काही गावांत कॉन्फ्रारियाचे (चर्चच्या धार्मिक मंडळाचे) सदस्यत्व आणि फेस्ताचा (चर्चच्या सणाचा) मान दीर्घकाळ जातीनुसार ठरत आला; ज्या वेदीपुढे सारे माती, तिच्या पहिल्या बाकावर कोण बसणार यावर भांडणे झाली. घरगुती रीतीत लीनतेचे सौम्य रूप दिसते : गोव्यात संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर लहानांनी मोठ्यांकडे ‘बेसांव’ (आशीर्वाद) मागण्याची प्रथा.

वसईचे गोन्सालो गार्सिया (मृत्यू १५९७, नागासाकी) व्यापार सोडून फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघात गेले, पण धर्मगुरू झाले नाहीत. बंधू म्हणूनच राहिले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले.

प्रॉटेस्टंट : दक्षिण कोकणात स्कॉटिश मिशनरी १८२३ च्या सुमारास बाणकोटला आले. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्तभक्तीसाठी अभंगाचा छंद वापरला. देवापुढील दास्याची भाषा त्यांनी वारकरी संतांकडून, विशेषतः तुकारामांकडून घेतली.