साल पिवळी झाली म्हणजे आंबा पिकला का?

एसटी स्टँडसमोर कुठल्या तरी कॉलेजचा फलक लागतो: नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची, ‘ए’ श्रेणी, खाली अभिनंदनाचे फोटो. मग ओळखीचे पालक विचारतात, “म्हणजे सर, आता तिथं शिकवतात चांगलं ना?” श्रेणी वाढली म्हणजे शिकवणं सुधारलं, असं सगळेच धरून चालतात. तसं असेलच असं नाही, आणि का नाही यामागे एक सुंदर विज्ञान आहे.

हापूसच घ्या. झाडावर आंबा तयार होताना गरात स्टार्च साठतो. आढीत घातला की इथिलीन वायू सुटतो, स्टार्चची साखर होते, सालीतलं हरितद्रव्य मोडतं आणि पिवळा रंग दिसतो. रंग हे पिकण्याचं लक्षण. पण भाव रंगालाच मिळू लागला आणि कार्बाइड आलं. ओलाव्यात त्यातून ॲसिटिलीन सुटतो, तो इथिलीनची नक्कल करतो. कोवळ्या फळाची सालही पिवळी होते, गर मात्र आंबटच. कार्बाइडवर बंदी आहे ती त्याच्या विषारीपणामुळे, पण फसवणूक कशी घडते तेही त्यात लख्ख दिसतं.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये हेच चलनधोरणाबद्दल सांगितलं: आकड्यांमधला भरवशाचा संबंध नियंत्रणासाठी वापरायला घेतला की तो ढासळतो. का ढासळतो? समजा, कॉलेजला मिळालेले गुण = गुणवत्ता + देखावा, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. कॉलेजाकॉलेजांत या दोन्हींत पडणारी तफावत, म्हणजे गणितातलं प्रचरण (variance), सारखी असेल तर गुण आणि गुणवत्ता यांचा सहसंबंध (पूर्ण जुळले तर १, अजिबात नाही तर ०) १/√२, म्हणजे ०.७१ येतो. देखाव्याचं प्रचरण चौपट झालं की तो १/√५, म्हणजे ०.४५. त्याचा वर्ग केला तर गुणांमधल्या फरकापैकी गुणवत्तेमुळे आलेला हिस्सा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर उतरला. कुणी शिकवणं बिघडवलं नाही, कुणी खोटं बोललं नाही, तरी श्रेणीतली माहिती आटली. प्रत्यक्षात तर आणखी वाईट होतं, कारण वेळ तेवढाच असतो. फायलीला दिलेली संध्याकाळ वर्गाकडून घेतलेली असते.

नॅक १९९४ मध्ये स्थापन झाली. तिच्या श्रेणी पद्धतीत सात निकष होते, चारपैकी गुण होते, आणि २०१७ च्या सुधारणेनंतर भर आकड्यांवर आला. बाहेरून तपासणी हवीच. अनेक कॉलेजं जनतेच्या पैशावर चालतात. पण अहवालाच्या दिवसांत माझ्या कॉलेजात वृक्षारोपणाचा जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो नीट आला नाही म्हणून तेच रोप उपटून पुन्हा लावलेलं मी पाहिलंय. ते जगलं नाही.

आणि ‘ॲपवर सगळं मोजलं की गुणवत्ता आपोआप येते’ असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. ॲप सालच वेगाने मोजतं.

बागायतदार काय करतो? आंबा पाण्यात टाकतो. तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं, कारण गर भरला की घनता पाण्यापेक्षा जास्त होते. सालीला रंग आणता येतो, गरात वजन कसं आणणार? कॉलेजलाही अशी कसोटी लागते, आणि ती शिक्षकांनी आपसांत पाळलेल्या शिस्तीतूनच येते: सहकाऱ्याच्या तासाला मागच्या बाकावर बसणं, प्रयोगाचं कुठलंही जर्नल उघडून मुलाला विचारणं, “हे रीडिंग कसं आलं?”

आमच्या प्रयोगशाळेत साध्या लंबकाच्या जर्नलांत ‘जी’, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, सगळ्यांचा ९.८ यायचा. मागच्या बॅचचीच जर्नलं फिरायची. मी सांगितलं, उत्तराला गुण नाहीत, चूक शोधली तर आहेत. पुढच्या आठवड्यात एका मुलीचा ‘जी’ १०.८६ आला. ती रडवेली झाली, मग तासभर लंबकापुढे बसून राहिली. लंबक सोडतानाच ती ‘एक’ म्हणत होती. वीस म्हणून मोजलेली आंदोलनं एकोणीसच होती. तिने स्टॉपवॉच पुन्हा शून्यावर आणलं आणि मोठ्याने म्हणाली, “शून्य.”